काळ्या कापडाची गोळी

रफूकाकूंचं खरं नाव लॉन्ड्रीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. मागच्या खोलीत, खिडकीला टेकवलेल्या मेजाशी त्या तीस वर्षं बसत होत्या. सिगारेटनं जळलेला कोट यावा, कसरीनं खाल्लेली शाल यावी, काकूंनी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढावेत आणि भोक असं बुजवावं की मालकालाही शोधून सापडू नये. जीभ मात्र तिखट. इस्त्रीवाला म्हणायचा, काकू कपड्याला टाके घालतात आणि माणसाचे उसवतात.

साठी जवळ आली तसा डोळ्यांनी दगा दिला. आधी सुईचं नेढं दिसेनासं झालं, मग काळ्या कापडावरचा काळा धागा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे 'आता काम बंद करा' हे ऐकून घेणं, आणि ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती. बाई हट्टी, त्यात घाबरलेली. अ जीवनसत्त्व डोळ्यांना चांगलं असतं, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. दुकानातून गोळ्यांची बाटली आणली आणि आपणच आपला इलाज सुरू केला. चांगल्या वस्तूनं कधी कुणाचं वाईट झालंय, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

पंधरा दिवस रोज एक घेतली. फरक दिसेना, तेव्हा दोन. मग गोळ्यांचं माप कपड्यावर आलं. पांढरं कापड असेल तर दोन, करडं किंवा निळं असेल तर तीन आणि काळं असेल त्या दिवशी चार. जेवढं काम अवघड तेवढा डोळ्यांना खुराक जास्त. रफूगाराशिवाय हे गणित दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

डोळ्यांचं हे गुपित फक्त सुनेला माहीत होतं. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. घरात या दोघीच. रोज संध्याकाळी सून वीस सुयांत रंगारंगाचे धागे ओवून एका फडक्याला टोचून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत काकूंची लाज राहायची. कधी बोलून दाखवलं नाही पोरीनं. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा काकू हरखल्या. दुसऱ्याच दिवसापासून तिच्या दुधाच्या पेल्याशेजारी एक गोळी ठेवू लागल्या. आपले डोळे आपल्याबरोबर जावेत, नातवंडाच्या वाट्याला येऊ नयेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. सासूनं मायेनं दिलेली गोळी सून निमूटपणे घ्यायची.

इकडे काकूंचे ओठ फुटले. तळहाताची सालं निघू लागली, केस कंगव्याला पुंजक्यानं येऊ लागले. हाडं ठणकायची, डोकं तर सकाळपासूनच दुखायचं. मग एका धाग्याचे दोन धागे दिसू लागले. काकूंनी त्याचा एकच अर्थ लावला, की डोळे आणखी बिघडताहेत, आणि चाराच्या पाच केल्या. एका दुपारी त्यांनी काळ्या कोटाच्या बाहीवर तासभर रफू केलं. भोक तसंच उघडं होतं. टाके सगळे त्याच्या शेजारच्या चांगल्या कापडावर पडले होते. ते पाहून त्या मेजावरच ओकल्या. इस्त्रीवाल्यानं त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले आणि काय काय घेता म्हणून विचारलं. काकूंनी पिशवीतून बाटली काढून पुढे ठेवली, जरा ऐटीतच. बाईंनी बाटलीवरचा मजकूर दोनदा वाचला. मग सावकाश समजावलं. हे जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साचत राहतं. साचून साचून त्याचं विष झालंय. डोक्यात दाब वाढलाय आणि तो डोळ्यांमागच्या नसेवर येतोय. गोळ्या आजपासून बंद, उद्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या. मुळात काकूंना झाला होता नुसता मोतीबिंदू, अर्ध्या तासाच्या ऑपरेशनचं काम.

"घरात आणखी कुणी घेतं का?" बाईंनी विचारलं. "गरोदर बाई असेल तर तिला एकही देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला व्यंग येऊ शकतं."

सुनेला तिसरा महिना होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणी नाही."

घरी येताना मनात हिशेब सुरू होता. सुनेला गोळ्या संपल्या म्हणून सांगितलं की झालं. मूल चांगलं निपजलं तर प्रश्नच नाही, आणि नाही निपजलं तर नशिबावर ढकलता येईल. भोक कुणाला दिसू नये, हेच तर त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. पण वेळेवर तपासलं तर निदान काय ते कळेल, आणि आपण गप्प राहिलो तर तेही नाही. स्वतःच्या हातांचा त्यांना इतका तिटकारा कधी आला नव्हता.

सून खिडकीशी बसून काळा धागा ओवत होती. काकूंनी बाटली तिच्यासमोर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, दवाखान्यात खोटं बोलल्याचंही.

सुनेनं विचारलं, "किती घेतल्या मी?"

"चाळीस. रोज माझ्या हातानं दिल्या."

तिनं सुई फडक्याला टोचली, बाटली उचलली, पायात चपला घातल्या. "दवाखाना अजून उघडा असेल. चला. तिथं तुम्हीच सांगायचं, आई."

काकू मागोमाग निघाल्या. एरवी रस्ता ओलांडताना सून हात पुढे करायची. आज केला नाही. काकूंना पुढे दोन सुना चालताना दिसत होत्या, आणि त्यांतली खरी कोणती, ते कळत नव्हतं.