वर आभाळ असलेली गाडी

जबलपुरात बिनछताची गाडी दोनच प्रसंगी दिसते, नवरदेवाच्या वरातीत आणि उमेदवाराच्या मिरवणुकीत. मला ती नवऱ्यासाठी हवी होती. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहायचा आणि मग हसू दाबायचा. माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, या वयात हनिमून का? मी हो म्हणून टाकलं. भांडत बसायला त्या दिवसांत माझ्यात जोर नव्हता.

खरं कारण सांगून कोणाला पटलं नसतं. माझा नवरा बँकेत होता. ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट एका उन्हाळ्यात दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, लाइट गेली, आणि आत हा एकटा. दुपार कलेपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाहेर काढलं तेव्हा अंगावर साधा ओरखडा नव्हता, म्हणून सगळ्यांनी पाठीवर थाप मारली, थंड पाणी पाजलं आणि घरी पाठवलं. त्यानंतर लिफ्ट सुटली, मग बाथरूमची कडी लावणं सुटलं, मग बस, मग आमची चारचाकी. रिक्षात काही दिवस बसला, पण पाऊस आला म्हणून रिक्षावाल्याने बाजूचा पडदा खाली सोडला आणि हा चालत्या रिक्षातून उतरला. स्कूटरवर माझ्यामागे बसला की चक्कर यायची. शेवटी नोकरीही सुटली आणि कांचघरच्या आमच्या घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून जो बसला तो बसलाच.

नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर गोळ्या सांगितल्या आणि बजावलं की आठवड्यातून एकदा तरी याला फाटकाबाहेर काढा, जितके दिवस जातील तितकं कठीण होईल. सांगायला काय जातं? मी विनवलं, रागावले, एकदा तर याच्या चपला फाटकाबाहेर नेऊन ठेवल्या. संध्याकाळी त्या मीच आत आणल्या.

आणि एक दिवस आमच्या रस्त्याने फौजेची एक उघडी जीप गेली. हा ती वळेपर्यंत पाहत राहिला आणि म्हणाला, "वर आभाळ दिसून राहिलं, तर बसीन मी."

कितीतरी महिन्यांत याने स्वतःहून काढलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी हातातली भाजी तशीच टाकली. त्या एका ‘बसीन’वर मी सगळं उभं केलं. शनिवार-रविवारी सिहोऱ्याच्या रस्त्याने निघायचं, शेतं लागली की हळू करायचं, कुठे चहा प्यायचा, परत यायचं. एवढं जमलं तर माझा माणूस मला परत मिळणार होता. गाडी लहान हवी, कारण आमच्या गल्लीत मोठी वळत नाही. आणि भरवशाची हवी, अगदी आंधळा विश्वास टाकावा अशी. भर रहदारीत, दोन ट्रकांच्या मध्ये ती एकदा जरी बंद पडली, तरी हा पुन्हा कधी व्हरांड्याची पायरी उतरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

घमापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने मोठ्या अभिमानाने जी गाडी दाखवली, तिचं छत चक्क गॅसच्या कटरने कापलेलं होतं आणि वर मांडवाचं लाल कापड शिवलं होतं. कापलेल्या कडांवर टेप. कागदांवर हा बदल चढवला आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "दीदी, कागज कौन देखता है." मी आत बसून पाहिलं. उतरायला गेले तर दार उघडेना, कारण छत काढल्यावर गाडीचा सांगाडाच ढिला पडला होता. दोघांनी बाहेरून ओढून दार मोकळं केलं. माझ्या जागी हा असता तर, या विचाराने मी त्या व्यापाऱ्याला असं काही बोलले की त्याने पुढे माझा फोन उचलला नाही.

दुसरी छावणीतल्या एका अधिकाऱ्याची होती. बदली झाली म्हणून विकत होता. दोन सीटची, विलायती, बटण दाबलं की छत आपोआप मागे घडी होणारी, दिसायला तर दृष्ट लागावी अशी. त्याने बटण दाबलं, छत निम्मं गेलं आणि तिथेच अडलं. हसून म्हणाला, कधी कधी रुसते. पुन्हा दाबलं तर ते सरसर मिटून माझ्या डोक्यावर आलं. याचे भाग कुठे मिळतात, असं मी विचारलं, तर म्हणे बाहेरून मागवावे लागतात. मी त्याने दिलेली कॉफी कशीबशी संपवली आणि उठले.

असे चार-पाच महिने गेले. वर्गात शिकवताना मला छतं दिसायची. मी अगदी टेकीला आले होते.

मग सिहोऱ्याच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे ती जीप सापडली. लहानशी, फौजेच्या लिलावातून निघालेली, वर जाड कापडाचं छत आणि ते हाताने सोडायचे साधे पट्टे. बटण नाही, मोटर नाही. कांचघरचा आमचा नेहमीचा गाड्यांचा मिस्त्री मी सोबत नेला होता. तो खाली शिरला, चेसिसला कुठे गंज आहे का ते ठोकून पाहिलं, क्लच दाबून पाहिला, शेताच्या कच्च्या रस्त्यावर दामटून आणली, गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं. मी त्याच्या मागे एकच धोशा लावला होता, रस्त्यात दगा तर देणार नाही ना? तो कंटाळून म्हणाला, "चलेगी, दीदी. आँख मूँद के चलेगी."

घरी येऊन मी याला सगळं सांगितलं, मोबाइलवर फोटो दाखवले. याने एकेक फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "चालेल."

इथे माझा घात झाला. वर्षानुवर्षं हिंदीत राहून माझे कान तसे झाले आहेत. इथला माणूस चलेगी म्हणतो तेव्हा त्याला चाकं फिरताना दिसत असतात. पण आमच्या घरातलं चालेल कुठे असं असतं? भाजी कोणती करू, तर चालेल. पाहुणे येणार, चालेल. ज्याला नको म्हणायचाही कंटाळा येतो तो मराठी माणूस चालेल म्हणतो. मुलगी पाहून गेलेल्यांनी नुसतं ‘चालेल’ असं कळवलं तर तिची आई दुसरं स्थळ शोधायला लागते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी मिस्त्रीचा शब्द ऐकून आले होते, आणि नवऱ्याच्या तोंडूनही मला तोच ऐकू आला.

गाडी शनिवारी सकाळी आली. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि छताचे पट्टे सोडून कापड मागे गुंडाळलं. शेजारपाजारचे बायका-पुरुष गोळा झाले होते. हा इस्त्रीचा शर्ट घालून पायऱ्या उतरला, फाटकाबाहेर आला, आणि बसला. खरंच बसला. मी चावी फिरवली आणि इंजिन लगेच सुरू झालं.

मी म्हटलं, "बघ, वर आभाळ आहे."

"दिसून राहिलं," तो म्हणाला. मी गिअर टाकणार, तोच त्याने माझं मनगट धरलं. त्याचा तळवा घामाने निथळत होता. "नको. मला उतरू दे."

"मग त्या दिवशी काहून म्हटलंस, बसीन म्हणून?"

तो खाली पाहत हळूच बोलला, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तू सारखी माझ्याकडेच पाहून राहिली होतीस. मला ते सहन होईना. तुला कुठंतरी गुंतवायला पाहिजे होतं."

मग तो उतरला. दार आपटलं नाही, अगदी जपून लावलं, आणि पायऱ्या चढून खुर्चीत जाऊन बसला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. गाडी रस्ता अडवून उभी होती, म्हणून मीच ती पुढे घेतली. चाकांखाली लिंबं फुटल्याचा आवाज आला. कोणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या. त्या गल्लीत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

जीप विकायला हवी, हे मलाही कळतं. विकत नाही. मिस्त्री म्हणतो, आठवड्यातून एकदा तरी फिरवा, नाहीतर बॅटरी बसेल. म्हणून दर रविवारी मी एकटी सिहोऱ्याच्या रस्त्याने जाते. छत मागे घेते, का घेते ते माहीत नाही. ट्रकवाले माना वळवून पाहतात. गव्हाची शेतं लागली की मी हळू करते आणि मोकळ्याने रडते. कधी वाटतं, मेली एकदा तरी बंद पडावी. पडली असती तर मला तिच्यावर तरी खापर फोडता आलं असतं. पण कुरकुर नाही, धूर नाही. इतकी भरवशाची गाडी मी आयुष्यात पाहिली नाही.

घरी आले की हा व्हरांड्यातून विचारतो, चालली का नीट? मी म्हणते, चालली. मग आम्ही जेवायला बसतो.

परवाच्या रविवारीही निघताना मी फाटकाशी थांबले. उत्तर माहीत असूनही दर वेळी विचारते, तसंच विचारलं, "येतोस?"

त्याने व्हरांड्याच्या छताबाहेर मान काढून वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे.

"पुढच्या रविवारी गेलो तर चालेल," तो म्हणाला.

मी बरं म्हटलं आणि चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.