डाव्या अंगाच्या शिरा

सज्जनहो, देह देवाने दिला आणि देहाची लाजही देवानेच दिली. त्या लाजेचे पांघरूण भागोजीने सात वर्षे घट्ट ओढून घेतले होते. त्याखाली थंडीने कुडकुडत होती ती मात्र त्याची बायको.

भागोजी मालगुंडच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चिरे काढीत असे. जांभ्या दगडाचा चिरा खाणीतून उचलायचा, खांद्यावर घ्यायचा, वर आणून रचायचा. दिवसाला साठ चिरे. माणूस सरळ, कष्टाळू, देवभोळा. एकादशीला उपाशीपोटीसुद्धा साठच. पण दुपार कलली की त्याच्या डाव्या जांघेत ओढ लागे, खाली जडपणा येई, जणू कोणी आतून दोरी बांधून खेचते आहे. आंघोळीच्या वेळी तो खाली पाही. अंडाच्या पिशवीवर, डाव्या बाजूला, गांडुळांचा पुंजका बसावा तशा निळसर शिरा दिसत. रात्री आडवा झाला की त्या मावळत. सकाळी उठला की पुन्हा उगवत. सूर्यनारायणासारख्या नियमित. भागोजी लंगोट अधिक आवळी आणि ही गोष्ट कोणाला सांगत नसे.

लग्नाला वर्ष झाले, पण घरात पाळणा हलला नाही. तेव्हा वाडीने रिवाजाप्रमाणे तपासणी सुरू केली, म्हणजे भागोजीची बायको राही हिची. वैदूने तिची नाडी पाहिली. भगताने तिच्यावरून तांदूळ उतरवले. पोटावर लेप झाले, कडू काढे झाले, अकरा सोमवार झाले. राहीने सारे निमूटपणे गिळले. दर शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, बसली की आप्पा गुरव सगळ्या गावादेखत तिच्यासाठी गाऱ्हाणे घालीत आणि गाव एकमुखाने होकार भरी. भागोजीची कोणी नखाएवढी तपासणी केली नाही. तो साठ चिरे उचलत होता. त्याच्यात खोट असेल कशी?

पंच्याऐंशी साली भागोजीची आई हौसा हिने निर्णय केला. "शिमगा झाला की राहीला म्हायेरी धाड. मी दुसरी पोरगी बगितलीय," ती म्हणाली. राही भांडी घासत होती, ती घासतच राहिली.

शेवटचा उपाय म्हणून भागोजीने तिला रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी राहीला तपासले, चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठी लिहून भागोजीच्या हाती दिली. "यांच्यात काही दोष नाही. आता तुम्ही समोरच्या खोलीत जा."

समोरच्या खोलीतल्या डॉक्टरांनी भागोजीला उभे केले, लंगोट सोडायला लावला, श्वास कोंडून जोर करायला सांगितले आणि हाताने शिरा चाचपल्या.

"किती वर्षांपासून आहे हे?"

"लग्नाच्या आदीपासना."

"दुखतं?"

"चिरा उचलला की. आडवा झाला की जाता."

"मग इतकी वर्षं आला का नाहीत?"

भागोजीने प्रामाणिकपणे विचार केला. "बायकूला दाकवत व्हतो ना," तो म्हणाला.

वीर्याची तपासणी झाली. आठ दिवसांनी डॉक्टरांनी समजावून दिले, "या शिरांमधलं रक्त वर चढायचं ते खाली साचतं. त्याने ऊब वाढते आणि बीज दुबळं होतं. सगळ्यांचं होतं असं नाही, तुमचं झालं आहे. शिरा बांधता येतील. मूल होईलच अशी खात्री मी देणार नाही. पण दोष राहीबाईंचा नाही, याची देतो."

परतीच्या एस.टी.त नवराबायको शेजारी बसली.

शिमगा आला. पालखी सहाणेवर टेकली, गाव जमला. आप्पा गुरवांनी नारळ हाती घेऊन डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"ह्या राहीच्या कुशीत जो काय दोष आसंल..."

"आप्पा, थांबा," भागोजी म्हणाला. "गाऱ्हान्यात चूक हाय."

गाऱ्हाणे मध्येच तोडायचे नसते. आप्पांनी एक डोळा उघडला. "चूक? सात वरसा ह्याच घालतोय मी."

"सातय वरसा चूक. राहीत दोष नाय. माज्या अंडाला शिरा फुगल्यात. डाक्टरान बगलान."

सहाणेवर ढोलकरी होते, मानकरी होते, सासुरवाशिणी होत्या, मुंबईहून आलेले चाकरमानी होते. हौसाने पदर तोंडात धरला.

आप्पा गुरव देवाच्या कामात काटेकोर माणूस. त्यांनी शांतपणे विचारले, "डाव्या की उजव्या? देवाला नीट सांगूक होया."

"डाव्या."

आप्पांनी पुन्हा डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! ह्या भागोजीच्या डाव्या अंडाच्या शिरा ज्या काय फुगल्यात..."

"व्हय म्हाराजा!" तोंडाची सवय, गाव बोलून गेला.

"त्या डाक्टराच्या हातान बऱ्या कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आनी राहीत काय एक दोष नाय!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी बायकांचा आवाज चढला होता. सगळे थांबल्यावर, मागून, एकटाच एक म्हातारा आवाज आला, "व्हय म्हाराजा." तो हौसाचा होता.

पालखी उठली. ढोल वाजले. सदू पाथरवट ओरडला, "भागोजी, खांदा दे रे!" भागोजी पुढे निघाला, तेव्हा राहीने त्याची बाही धरली. गावादेखत.

"लय दुकता का वो?" तिने विचारले.

"उबा ऱ्हायला की."

"मग बसा."

भागोजी सहाणेच्या कडेला बसला. राही त्याच्या शेजारी बसली. पालखी नाचत नाचत खालच्या आळीला गेली, आणि गुलाल खाली बसेपर्यंत ती दोघे तिथेच होती.