श्रीविद्या इथे राहत नाही

श्रीविद्या स्वभावानेच संशयी होती. दूध आलं की आधी भांड्यात नाक घालायची, आणि कोणी विनाकारण स्तुती केली तर याला आपल्याकडून काय हवं असेल याचा विचार करत बसायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र हा स्वभाव तिच्या फार कामाला आला. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताना भाताच्या पानावरचा करपा तिने असा काही पिच्छा पुरवून तपासला, की तिचे प्राध्यापक म्हणाले, ही मुलगी बुरशीलाही खोटं बोलू देणार नाही.

त्याच जोरावर १९९४ साली तिला स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. विषय होता बटाट्यावरचा करपा. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतून शिकायला परदेशी निघालेली ही पहिलीच मुलगी. कावेरीच्या भातावर वाढलेली पोर बटाटे शिकायला सातासमुद्रापलीकडे जाणार, याची गल्लीला मोठी गंमत वाटायची. "तिकडे तांदूळ तरी मिळतो का ग?" असं येताजाता विचारलं जायचं.

तिची आई विशालाक्षी तयारीला लागली होती. सकाळी नळाचं पाणी भरून झालं, कॉफी झाली, की ती लेकीपुढे डोसा ठेवायची आणि शेजारी काटा-चमचा. श्रीविद्या काट्याने डोशाशी झटापट करायची आणि तिचे अप्पा, रघोजीराव, बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसून वर्तमानपत्राच्या कडेवरून ते बघायचे. ते पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर कालव्यांच्या रेषा काढलेला माणूस, बोलणं अगदी मोजकं. पण लेकीच्या स्कॉटलंडची बातमी त्यांनीच बाजारभर केली होती. भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

गरम कपड्यांची वेगळीच कथा. तंजावरच्या दुकानांत स्वेटर मागितला की दुकानदार आधी वर पंख्याकडे बघायचा, मग हिच्याकडे. शेवटी शेजारच्या जयलक्ष्मीने आपल्या फौजेतल्या भावाचा जुना स्वेटर आणून दिला. तो गुडघ्यापर्यंत यायचा. एप्रिलच्या उकाड्यात श्रीविद्याने तो घालून पाहिला तेव्हा विशालाक्षी हसता हसता खाली बसली.

संध्याकाळी ती कल्याणरामकडे जायची. गल्लीच्या तोंडाशी त्याचं घर. दोघं शाळेपासून बरोबर. त्यानेही त्याच विद्यापीठात अर्ज केला होता, त्याला नकार आला. तरी त्याच्या टेपरेकॉर्डरवर दोघं इंग्रजी संभाषणाच्या कॅसेट ऐकायचे. तो कॅसेट उलटसुलट करायचा, ती वाक्यं म्हणायची. "मला नाही उपयोग, पण टेप तरी गंजणार नाही," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना तिच्याकडे बघायचा नाही. हे न बघणं तिने मनात नोंदवून ठेवलं होतं.

पासपोर्टचा अर्ज पोंगलनंतरच केला होता. अप्पा स्वतः तिला घेऊन त्रिचीला गेले होते, रांगेत तिच्याआधी जाऊन उभे राहिले होते. पण एप्रिल संपत आला, चित्रै महिना निम्मा सरला तरी पासपोर्टचा पत्ता नव्हता. शेवटी श्रीविद्या एकटीच बसने त्रिचीला गेली. खिडकीतल्या बाईंनी फाईल उघडली आणि तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, "पोलिसांचा अहवाल उलटा आलाय. दिलेल्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही, असं चौकशीत कळलं."

"मी तिथेच जन्मले," श्रीविद्या म्हणाली.

"ते पोलिसांना सांगा. ते नवा अहवाल पाठवतील, मग बघू."

परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पोलीस गल्लीत येऊन गेला होता. त्याने कोणाला तरी विचारलं होतं. आणि त्या कोणीतरी सांगितलं होतं, श्रीविद्या इथे राहत नाही.

घरी सांगितल्यावर विशालाक्षीने कपाळाला हात लावला. अप्पा म्हणाले, "चूक झाली असेल त्यांची. होतं असं."

"आपण उद्याच पोलीस स्टेशनला जाऊ या, अप्पा."

"जाऊ की," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घरी श्राद्ध निघालं. अप्पा भित्रे आहेत, खाकी कपडा दिसला की रस्ता बदलतात, हे तिला माहीत होतं, म्हणून तिने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. तिचं सगळं लक्ष गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरावर खिळलं होतं.

विचार करावा तसं सगळं जुळत गेलं. पोलीस गल्लीत शिरला की पहिलं घर कल्याणरामचं. पासपोर्ट आला का, हे तो सारखं विचारायचा. एकदा कॅसेट थांबवून तो म्हणाला होता, "समज, गेलीच नाहीस, तर काय होईल?" तेव्हा ती हसली होती. आता त्या वाक्याचा अर्थ तिला पुन्हा पुन्हा वेगळा लागायला लागला. त्याच्या आईने परवा दिलेलं ताक तिने न पिता मोरीत ओतलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून भांडं दोनदा घासलं.

तिने त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. एका संध्याकाळी ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "माझा प्रवेश जानेवारीपर्यंत पुढे ढकललाय. कोणाला बोलू नकोस." यात तसूभरही खरं नव्हतं, आणि हे तिने दुसऱ्या कोणालाही सांगितलं नव्हतं. दोनच दिवसांत जयलक्ष्मी कुंपणापलीकडून विशालाक्षीला म्हणाली, "जानेवारीपर्यंत आहे म्हणे विद्या. बरं झालं, दिवाळी घरी होईल."

श्रीविद्या तशीच चालत कल्याणरामच्या घरी गेली. तो सायकलची साखळी बसवत होता, हात काळे झालेले.

"जानेवारीचं कोणाला सांगटलंस?"

तो गडबडला. "रघोजीमामांना. फक्त मामांना. वाटलं, त्यांना ठाऊक असावं."

"आणि पोलिसाला काय सांगटलंस?"

"कुठल्या पोलिसाला?"

"तुला मिळालं नाही म्हणून माझंही अडवलंस. एवढंच सांग, की नाही केलं. माझ्याकडे बघून सांग."

कल्याणरामने तिच्याकडे बघितलं, पण सांगितलं काहीच नाही. साखळी हातातच धरून तो आत गेला. न बोलणं म्हणजे कबुली, असं श्रीविद्याने धरलं. त्या दिवसापासून ती त्याच्या घरावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू घ्यायला लागली.

अप्पा काही येत नाहीत हे बघून शेवटी विशालाक्षीच म्हणाली, "चल, मी येते." मायलेकी सकाळचा स्वयंपाक आटपून पोलीस स्टेशनला गेल्या. चौकशीचं काम सुब्रमण्यम नावाच्या हेड कॉन्स्टेबलकडे होतं. तिथे सगळे त्याला एट्टय्या, म्हणजे हेडसाहेब, म्हणत होते. पोट सुटलेला, सावकाश बोलणारा माणूस. पत्ता ऐकल्याबरोबर त्याला आठवलं.

"राजवाड्यामागचं घर ना? दारात तुळस, निळा दरवाजा. मी स्वतः आलो होतो."

"मग तुम्हाला कोण म्हणालं, मी तिथे राहत नाही?" श्रीविद्याने विचारलं. कल्याणरामचं वर्णन ऐकायला तिचे कान टवकारले होते. उंच, चष्मा, डाव्या भुवईवर व्रण.

"तिण्णैवर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. म्हणाले, ती मद्रासला गेली, नातेवाइकांकडे, आता इथे राहत नाही. मी विचारलं, तुम्ही कोण? म्हणाले, तिचा बाप." सुब्रमण्यमने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "बाप सांगतोय म्हटल्यावर मी आणखी कोणाला विचारणार, अम्मा? त्यांनी मला पाणीसुद्धा दिलं."

श्रीविद्याला आधी ते खरंच वाटलं नाही. हा माणूस आपला निष्काळजीपणा झाकतोय, असा संशय तिला आला. पण विशालाक्षीचा चेहरा बघून तो टिकला नाही. आईने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला होता आणि ती जमिनीकडे बघत होती. तिला ते लगेच पटलं होतं.

"वडिलांना घेऊन या. त्यांनी लिहून दिलं की मी नवा अहवाल पाठवतो," सुब्रमण्यम म्हणाला.

वाटेत विशालाक्षी एकदाच बोलली. "आधी त्यांना जेवू दे. मग विचार."

अप्पा जेवले. हात धुऊन ते तिण्णैकडे निघाले, तेव्हा श्रीविद्या दारात उभी राहिली. "अप्पा, मी मद्रासमध्ये कोणाकडे राहते?"

रघोजीराव जिथे होते तिथेच थांबले. "मी ठरवून बोललो नाही ग," ते म्हणाले. "त्याने विचारलं, श्रीविद्या इथेच राहते का. मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून ते आलं. मग मागे घेता आलं नाही."

"इतके महिने?"

"रोज वाटायचं, आज सांगू. मग तू काट्याने खाताना दिसायचीस. तुला नको जाऊ म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. जा म्हणायचंही नव्हतं. लोकांना सांगत सुटलो, म्हणजे मलाच पटेल असं वाटलं."

"आणि मी कल्याणरामवर आळ घेतला, ते?"

"जानेवारीचं जयलक्ष्मीला मीच बोललो होतो. आणि तेही मला ठाऊक होतं," अप्पा हळूच म्हणाले.

सगळ्यात जास्त तिला तेच लागलं. पोलिसाला सांगितलेलं खोटं एका क्षणात तोंडातून निघून गेलं असेल, हे ती कसंबसं समजू शकत होती. पण एका निर्दोष मुलावर आळ आलेला बघत ते रोज कॉफी पीत बसले होते, हे तिला समजून घेता येईना. ती त्या दिवशी अप्पांशी पुढे बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी रघोजीराव न सांगता शर्ट घालून तयार झाले. श्रीविद्या बरोबर गेली. सोबत म्हणून नव्हे, ते तिथे नेमकं काय सांगतात ते ऐकायला. त्यांनी सरळ सांगितलं, आपल्या सुंदर ड्राफ्ट्समनच्या अक्षरात लिहून दिलं, आणि सुब्रमण्यमने दिलेली कॉफी घ्यायला नको म्हणाले.

कल्याणरामची माफी मागायला तिला आणखी काही दिवस लागले. ती गेली तेव्हा तो आतल्या खोलीत होता. तिने सगळं सांगितलं, अप्पांचं नावही लपवलं नाही.

"बरं," तो म्हणाला. मग, "मला नकार आला तेव्हा तुलाही मिळू नये असं वाटलं होतं. एक-दोनदा. केलं मात्र काही नाही. तुला ते कसं दिसलं, कोण जाणे."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"तू माझ्याकडे अशी बघत होतीस, की मलाच वाटलं, केलं असेल आपण."

दोघं थोडी हसली, पण टेप काही लागला नाही. जुलैत त्याला तिरुप्पूरच्या एका बनियनच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो गेला. गेल्याचं तिला जयलक्ष्मीकडून कळलं.

नवा अहवाल गेला, पासपोर्ट आला, व्हिसासाठी मद्रासची खेप झाली. पण घरात एक नवीन सवय शिरली होती. अप्पा पोस्टमनकडून काही घेताना दिसले की श्रीविद्या उठून बाहेर यायची. त्यांनी दुकानातून आणलेल्या दोऱ्यांनी बांधलेलं सामान ती पुन्हा सोडून बांधायची. त्यांनाही ते दिसत होतं. एकदा विशालाक्षी तिला म्हणाली, "किती दिवस असं करणार आहेस?" श्रीविद्या हातातल्या दोऱ्याची गाठ पुन्हा घट्ट करायला लागली.

सप्टेंबरात मद्रासच्या गाडीचं तिकीट रघोजीरावांनीच काढून आणलं. त्यांनी ते लेकीच्या हातात न देता तिच्यासमोर टेबलावर उलगडून ठेवलं आणि बोटाने तारीख दाखवली, मग गाडीचा नंबर, मग नाव.

"बघून घे नीट," ते म्हणाले.

तिने नीट बघितलं. सगळं बरोबर होतं. ते उभेच होते, म्हणून तिने पुन्हा एकदा बघितलं, आणि मग त्यांना शेजारी बसायला खुर्ची ओढून दिली.