बियाण्याचे दोडके

शेतावरच्या त्या हॉटेलात स्वयंपाकघर थोरलीचं होतं. हॉटेल म्हणजे दगडी भिंतींच्या थोड्या खोल्या, झाडाखाली एक लांबलचक टेबल आणि पलीकडे भाजीचा मळा. पाहुण्यांनी सकाळी मळ्यात जाऊन हाताने भाजी तोडायची आणि दुपारी तीच ताटात यायची, अशी तिथली रीत. मळ्यातला वेलन् वेल थोरलीच्या हातचा. जेवणाआधी बाहेर येऊन पाहुण्यांना आजच्या भाज्यांची ओळख करून द्यायचा मानही तिचाच. पदर सारखा करून ती मोजकंच बोलायची. पण त्या बोलण्यावर तिचा अख्खा दिवस आनंदात जायचा.

मग तिची धाकटी जाऊ तिथे कामाला लागली. तिला फोडणीसुद्धा धड जमत नसे, पण जीभ अशी गोड की पाहुणे तिच्याच मागेपुढे. "तिलाही बोलू दे की एखादे दिवशी," हॉटेलच्या मालकीणबाई थोरलीला म्हणाल्या, आणि तो एखादा दिवस रोजचाच व्हायला लागला. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, उद्या दुपारी दोघींतल्या एकीला हे काम कायमचं देणार.

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. जप करतानाही कानात धाकटीचंच खिदळणं. बियांसाठी वेलावर जून होऊ दिलेल्या दोडक्यांना ती चिंधी बांधून ठेवी. चिंधी दिसली की कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी पाहुण्यांना घेऊन यायच्या आत, पूजा आटोपून ती मळ्यात गेली आणि सगळ्या चिंध्या सोडून कमरेला खोचल्या.

पाहुण्यांची टोपली आली. वरच ते जाडजूड, हिरवे दोडके.

"ताई, बघा तरी केवढाले!" धाकटी म्हणाली. "भांडून तोडलेत मंडळींनी."

"छान झालं," थोरली म्हणाली. दोडके विळीवर करकरत होते. तिने ते मुकाट्याने चिरले, शिजवले, बाहेर पाठवले आणि दाराआड उभी राहिली.

एक आजोबा बराच वेळ चावत राहिले. मग दातांतून दोरा ओढावा तशी त्यांनी एक शीर बाहेर ओढली. मालकीणबाईंची मान धाकटीकडे वळली.

धाकटीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! हा तर पाठ घासायचा दोडका! चुकलंच माझं. आजोबा, गिळू नका हो, घरी न्या, आंघोळीला होईल. आणि आमच्या ताई बघा, हाही शिजवायला बसल्या! तुम्ही दगड आणलात तरी मऊ करून वाढतील."

आधी आजोबा हसले, मग सगळं टेबल. मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तूच बोलत जा बाई, रोज."

धाकटी ताटं घेऊन आत आली. "रागावलात? बियांचे होते ना ते? आता पुढच्या हंगामाला लावायचं काय?"

थोरलीने कमरेच्या चिंध्या आणखी आत खोचल्या. एक बी उरलं नव्हतं.

संध्याकाळी ती देवासमोर बसली. क्षमा मागायची असं ठरवूनच बसली होती. डोळे मिटले, हात जोडले आणि मागितलं ते हे, की उद्या सकाळी धाकटीचा घसा बसू दे.