पट्टीखालचं लेबल

सगळे तिला ताईच म्हणायचे. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

रस्त्याला लागून एक खोली होती. खिडकीपाशी मशीन, भिंतीला टेकवलेलं कापायचं टेबल, खिळ्याला अडकवलेली टेप. मागच्या दारातून दोन पावलांवर घर. मशीन सुरू झालं की ताई तिथे नसायची. पाय चालायचे, हात चालायचे, आणि ती कुठल्या कुठे गेलेली असायची. गिऱ्हाईकं टेबलावर टिचकी मारून म्हणायची, "ताई, या परत." ती दचकून हसायची. मापं मात्र कधी चुकली नाहीत.

शिवण तिला एका म्हाताऱ्या टेलरने शिकवली होती. कडक माणूस. त्याचा एक नियम तिच्या हाडात मुरला होता. दुसऱ्याची शिवण कापायची नाही. उसवायची तर एकेक टाका काढायचा. वेळ नसेल तर तिला हातच लावायचा नाही. "ती घालायला कुणीतरी बसलं होतं, हे ध्यानात ठेव," तो म्हणायचा.

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात तिच्या दारात ट्रक उभा राहिला. करड्या ब्लँकेटांनी खोली भरली. मग मागचं घर भरलं. नवरा शाळेत मास्तर होता, तो तेव्हा मैदानातल्या तंबूंमध्ये वर्ग भरवत होता. ट्रकबरोबर तिचा धाकटा भाऊ आला होता. तो साहेबांच्या पक्षकचेरीत होता. साहेब म्हणजे त्या भागाचे पुढारी. त्यांचं वजन फार, आणि निवडणूक दोन महिन्यांवर.

"ताई, हे बघ. प्रत्येकाच्या कोपऱ्यात परदेशी लेबल आहे. ते कापायचं आणि तिथे ही पट्टी लावायची."

पट्टी जांभळी होती. पक्षाचा रंग. त्यावर साहेबांचं नाव.

"का रे?"

"लोकांना कळायला नको, कुणी दिलं ते?"

"कुणी दिलं?"

"तू शीव ना, ताई."

ती शिवायला बसली. पहिलं लेबल हातात घेतलं. पांढरं, बोटभर लांब. न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या दोन ओळी आणि एक निळं झाड. तिने कात्री उचलली आणि थांबली. लेबलाच्या डाव्या कोपऱ्यात एक टाका उडाला होता. तिने दुसरं ब्लँकेट ओढलं. तिथेही तोच. तिसऱ्यातही.

म्हणजे कुठेतरी दूर, समुद्रापलीकडे, एक बाई बसली होती. तिच्या मशीनची सुई बोथट झाली होती. ताईला ती दिसायलाच लागली. उंच खिडकीची खोली, बाहेर पांढरा उजेड, मान मोडून आलेली. "अगं, सुई बदल," ताई मोठ्याने म्हणाली.

कात्री तिने खाली ठेवली. लेबल तसंच राहू दिलं. वरून जांभळी पट्टी दुहेरी दुमडून चारही बाजूंनी बसवली. बाहेरून काही दिसेना, हाताला काही लागेना. महिनाभर ती हेच करत राहिली. रोज त्या बाईशी बोलायची. आज तुझा टाका बरा आलाय. आज घाईत होतीस वाटतं. कुणी रागावलं का?

लेबल कापलं नाही हे तिने कुणाला सांगितलं नाही. लपवावं असंही काही मनात नव्हतं. कुणी विचारलंच नाही.

ब्लँकेटं वाटली गेली. लोक ऊबेत झोपले. साहेब भरघोस मतांनी निवडून आले.

पुढल्या वर्षी ज्या देशाने मदत पाठवली होती त्याने विचारणा केली. आमची ब्लँकेटं कुठे गेली? साहेब म्हणाले, ती डोंगरापलीकडच्या छावण्यांना गेली. इथे वाटली ती माझ्या पक्षाने विकत घेतलेली. मग गाव उभं चिरलं गेलं. न्हाव्याच्या दुकानात साहेबांच्या माणसांची दाढी होईना, आणि वाण्याच्या दुकानात विरोधकांना सुट्टे मिळेनात.

ताईच्या घरातच दोन्ही पक्ष होते. रविवारी धाकटा चहाला आला की कप बशीवर आदळायचे.

"दाजी, थंडीत कुडकुडणाऱ्याला ऊब मिळाली की नाही? तेवढं बोला."

"मिळाली. ऊब त्यांची आणि मतं तुमच्या साहेबांना."

"त्यांची कशावरून? लेबल दाखवा."

"लेबल कापून घेतलंत, हीच तर चोरी आहे मेहुणेबुवा!"

"म्हणजे पुरावा नाही. मग गप्प बसा. शाळेत जाऊन पोरांना उठाबशा काढायला लावा."

"तुम्ही साहेबांपुढे रोज काढता, तेवढ्या पोरांना नाही जमायच्या."

ताईला हसू फुटलं. दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. तिचं हसू विरलं.

सोमवारी चौकशी होती. पट्ट्या कुणी लावल्या हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून तिला बोलावणं आलं होतं.

धाकटा तिच्या मागोमाग मोरीपर्यंत आला. आवाज खाली आणला. "ताई, लेबल नव्हतं एवढंच म्हण. होतं असं निघालं, तर साहेब हात झटकतील. सगळं माझ्यावर येईल. मला दुसरं काही येतं का? पंधरा वर्षं मी तीच कचेरी झाडतोय."

तो गेल्यावर मास्तर म्हणाला, "भावासाठी खोटं बोललीस, तर मी वर्गात कुठल्या तोंडाने उभा राहू?"

ती कप विसळत राहिली. लेबलं अजून आहेत, घरोघरी आहेत, हे सांगावंसं तिच्या ओठांवर आलं होतं. पण एकाने ती रातोरात गोळा करून जाळली असती. दुसऱ्याने चौकात मिरवली असती. तिने नळ बंद केला.

नगरपालिकेच्या सभागृहात पंखे सावकाश फिरत होते. टेबलापलीकडे परदेशातून आलेले दोघे, एक बाप्या आणि एक बाई. मध्ये दुभाषा. टेबलावर एक ब्लँकेट. डावीकडे साहेबांची माणसं, उजवीकडे विरोधक. धाकटा डावीकडे पहिल्या रांगेत. मास्तर उजवीकडे, उभा.

"यावर लेबल होतं का?" दुभाष्याने विचारलं.

ताईने ब्लँकेट जवळ ओढलं. धुऊन धुऊन मऊ झालं होतं. तिला पुन्हा ती उंच खिडकी दिसली. उजेड तसाच पांढरा. बाई मान वर करून बघत होती, जणू तिलाही ऐकायचं होतं. सभागृह लांब गेलं.

कुणीतरी टेबलावर टिचकी मारली. "ताई."

"छोटी कात्री आहे का?" तिने विचारलं.

कात्री आली. ताईने पट्टीची शिवण उसवायला घेतली. स्वतःचेच टाके, तरी एकेक काढले. तीन बाजू सुटल्या तशी पट्टी उलटली. खाली लेबल होतं. पांढरंशुभ्र. निळं झाड नवंकोरं.

परदेशी बाईने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"कापायला सांगितलं होतं," ताई म्हणाली. "मी नाही कापलं. कुठलंच नाही."

"कुणी सांगितलं होतं?"

आता ती पूर्ण जागी होती. धाकट्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसत होता. पायांखालची गार फरशी कळत होती.

"माझ्या धाकट्या भावाने. त्याला कुणी सांगितलं, ते मी ऐकलेलं नाही. ऐकलं असतं तर तेही सांगितलं असतं."

मग काही ऐकू येईना. उजवीकडून आरोळ्या, डावीकडून शिव्या. कुणी म्हणालं, हिने कालच शिवून आणलंय. खुर्च्या पडल्या. धाकटा तिच्या अंगावरून गेला. थांबला नाही.

पंधरा दिवसांत साहेबांनी भाषण केलं. एका अतिउत्साही कार्यकर्त्याने परस्पर हा उद्योग केला, त्याला पक्षातून काढलं आहे. टाळ्या झाल्या. साहेबांची खुर्ची जागची हलली नाही. विरोधकांना ताईचा सत्कार करायचा होता. "मला नको," ती म्हणाली. मास्तर दोन दिवस फुगून बसला. मग त्यालाही उमगलं असावं. त्याने त्या लोकांना परत पाठवलं.

तेवढ्याने मिटलं नाही. बायका ब्लँकेटं घेऊन दारात यायला लागल्या. काहींना पट्टी काढून हवी होती.

"माझ्याची आणखी घट्ट शीव," एक म्हणाली. "आमचे हे साहेबांचे. लेबल दिसलं तर घरात महाभारत."

ताई दोन्ही कामं करायची. एकीचं काढायची, दुसरीचं शिवायची. धाकटा येत नव्हता. रविवारी ती तीन कप मांडायची आणि एक उचलून ठेवायची.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी तो दारात उभा राहिला. गालफडं बसली होती.

"दाजी आहेत?"

"शाळेत आहेत. ये."

तो आत आला. बसायला जागा नव्हती. ब्लँकेटांच्या ढिगावर टेकला. तिने चहा दिला. त्याने तो गार होऊ दिला.

"काम मिळालंय एक," तो म्हणाला. "गोदामात. राखणीचं."

"बरं झालं."

"ताई, तू खोटं बोलली असतीस ना, तर मी रोज आलो असतो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच रे. मला नाही जमलं."

त्याने गार चहाचा कप खाली ठेवला. मग ढिगावर मागे रेलला, पाय वर घेतले. थोड्या वेळाने त्याचा श्वास संथ झाला. तोंड किंचित उघडं. किती दिवसांनी झोपला होता कुणास ठाऊक.

मशीनवर अर्धवट काम होतं, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक ते न्यायला येणार होतं. ताईने पायडलवरचे पाय काढून घेतले. मग हाताने चाक सावकाश फिरवून एक टाका घातला. त्याच्याकडे बघितलं. मग पुढचा.