आधी लोखंडाक हात

राउटरचं झाकण उघडलं की आधी धूळ निघते, मग किस्सा! अंधेरीच्या आमच्या सर्व्हर रूममध्ये आम्ही तिघं: मी, रेश्मा आणि छातीत पेसमेकर घेऊन फिरणारे मालवणचे सावंतकाका. काम एकच, चालू राउटरचे बिघडलेले भाग बदलायचे. आत थंडगार हवा, पंख्यांची एकसुरी घूं घूं, लुकलुकणारे हिरवे दिवे. दुपारी तिथे उभं राहिलं की आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळत नाही.

काकांचा नियम असा, की राउटरमधलं सर्किटचं कार्ड काढण्याआधी रॅकच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा. अंगातली स्टॅटिक वीज तिथे उतरते, नाहीतर कार्ड गपचूप मरतं. "आधी लोखंडाक, मगे कार्डाक!"

रेश्माच्या हे इतकं अंगवळणी पडलं, की भाचीच्या बारशाला तिने आधी लोखंडी कपाटावर तळवा टेकवला, मग बाळ घेतलं. मावशी म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हणून का गं?"

"नाही मावशी, कार्ड उडू नये म्हणून!"

माझी वेगळीच तऱ्हा. वीज उतरवायला मनगटाला पट्टा बांधून तो रॅकला जोडतात. एकदा फोन आला, मी बोलत बोलत निघालो आणि गचकन मागे ओढला गेलो. काका म्हणाले, "दावं सोड आधी, मग चरायला जा रे!"

जेवणानंतर काका खुर्चीत पेंगायचे. एकदा आम्ही नवीन पंखा हाताशी ठेवून जुना बाहेर ओढला. एवढ्या राउटरमधल्या एकाची घूं घूं थांबली आणि काका ताडकन उठले, "कोण थांबला?" जग आवाजाने जागं होतं, आमचे काका शांततेने!

यंदा काकांच्या पेसमेकरचीच बॅटरी संपत आली. मुलुंडच्या हॉस्पिटलात काकांनी डॉक्टरांना विचारलं, "चालू ठेवूनच बदलणार ना?" डॉक्टर हसले. आम्हाला हसू येईना. काकी गेल्यापासून त्यांना इथे आमच्याशिवाय कोणी नाही, आणि आम्हाला तरी कोण आहे त्यांच्यासारखं? ऑपरेशन चालू असताना रेश्मा बाहेरच्या बाकावरून सारखी उठून दारापर्यंत जाऊन येत होती.

शेवटी आत सोडलं. काका डोळे मिटून पडले होते, मॉनिटर संथपणे टिकटिकत होता. रेश्मा धावत गेली, त्यांचा हात धरायला वाकली आणि मध्येच थांबली. तिने खाटेच्या स्टीलच्या दांडीवर तळवा टेकवला.

डोळे न उघडता काका पुटपुटले, "लावलंस ना लोखंडाक? मगे धर आता."