नकाशावरचा एकटा ठिपका

धाराशिवच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो. निवृत्तीआधीचे चार उन्हाळे मी सास्तूरकडच्या एका गावात घालवले. भूकंपानंतर गाव नव्या जागी गेलं, रस्ते सरळ झाले, घरांना नंबर पडले. जुन्या गावात कुणाच्या शेजारी कोण राहत होतं, हे फक्त काही म्हाताऱ्यांना आठवत होतं. ते मी गल्लीवार लिहून घेतलं आणि महाविद्यालयाच्या वेबसाइटवर चढवलं. वाचणारे थोडे होते. ग्रंथपालाला त्याची सवय असते.

मग जिल्ह्याचं नाव बदललं आणि नव्या नावाची नवी वेबसाइट करायचं ठरलं. आमचे प्राचार्य नुकतेच एका कार्यशाळेला जाऊन आले होते. त्यांनी जाहीर केलं, की ज्या पानाकडं बाहेरची एखादी तरी लिंक येते, तेवढंच पान नव्या साइटवर जाईल. बाकीचं शुक्रवारी दुपारी जुन्या साइटबरोबर बंद.

संगणक विभागातल्या मॅडमनी मला लिंका तपासायचं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. पडद्यावर प्रत्येक पानाचा एक ठिपका आणि प्रत्येक लिंकची एक रेघ. मधोमध भोपळ्याएवढा ठिपका होता.

"हे काय?" मी विचारलं.

"प्राचार्यांचं मनोगत. सगळ्या पानांवरून तिकडं लिंक द्यायला लावलीय त्यांनी."

माझं पान कडेला होतं. त्याच्याकडं एकही रेघ येत नव्हती.

हे खरं नव्हतं. त्या गावच्या शाळेच्या साइटवर आणि तालुक्याच्या एका वाचनालयाच्या साइटवर माझ्या पानाची लिंक मी स्वतः पाहिली होती. मॅडमनी दोन्ही उघडल्या. लिंका जागेवर होत्या, पण दाबल्या की पान सापडत नव्हतं. आमच्या जुन्या साइटच्या पत्त्यात जिल्ह्याचं जुनं नाव होतं, आणि ते नाव कुठंही दिसता कामा नये, अशी सूचना सगळीकडं फिरली होती. दोन्ही ठिकाणी कुणीतरी उत्साहानं एकाच झटक्यात सगळीकडं नाव बदललं होतं, लिंकच्या आतल्या पत्त्यातसुद्धा. त्या पत्त्यावर जगात काहीही नव्हतं.

मी शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला. ते बिचारे अजिजीनं म्हणाले, "सर, जुनं नाव परत घालू म्हणता? परवा तपासणी हाय. माझी नोकरी ऱ्हाऊ द्या."

वाचनालयात कुणी फोन उचलला नाही. प्राचार्यांकडं आठवडाभराची मुदत मागितली. ते म्हणाले, "सर, भावना समजतात. पण डेटा बघा ना." आणि त्यांनी पडद्याकडं बोट केलं. भोपळा त्यांच्याकडं बघत होता.

पानाची प्रत माझ्या पेनड्राइव्हवर आहे. पण माझ्या कपाटातला पेनड्राइव्ह कोण शोधायला येणार?

शुक्रवारी सकाळी येरमाळ्याहून एका बाईंचा फोन आला. त्या त्याच जुन्या गावच्या लेक. भूकंप झाला तेव्हा सासरी होत्या म्हणून वाचल्या. माहेरचं कुणी उरलं नाही. माझा नंबर त्यांनी पानाखालून उतरवून घेतला होता.

"सर, शाळंच्या साइटवरून आमची गल्ली उघडंना. मी महिन्याला एकदा बघती."

मी त्यांच्या फोनवर थेट पत्ता पाठवला. तो दुपारपर्यंतच चालेल, हे सांगितलं नाही.

"उघडलं, उघडलं," त्या म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "सर, एक चूक हाय बगा. आमच्या दारापुढं तुमी लिंब लिवलाय. लिंब न्हवता, चिंच व्हती."

"बाई, इतकी वर्षं बघताय. आधी का नाही सांगितलं?"

"तवा वाटलं, सांगू की कवा बी. पान कुठं जातंय?"

मी संगणकावर पान दुरुस्तीला घेतलं. पासवर्ड चालला. लिंब खोडून चिंच लिहिलं आणि जतन करायचं बटण दाबलं. पाटी आली: साइट स्थलांतरासाठी बदल बंद आहेत.

परत दाबलं. तीच पाटी. अकरा वाजून गेले होते.

"केलं का सर?" त्यांनी विचारलं.

"केलं," मी म्हणालो.